‘कातर रे भाजी!’

घरात पोपटासारखा बोलणारा मुलगा चारचौघांत उभा राहिला की मुका का होतो? शहरातील शाळेत गेलेली खेड्यातील मुलगी आपल्या गावाचे नाव हळूच का सांगते? हा प्रश्न आईबापांना वारंवार पडतो. त्याचा विचार करताना आम्हांस गोमंतकातील एका धर्मगुरूचे स्मरण होते.

जुझे कुस्तोदियु द फारिया, जगाला ठाऊक असलेले आबे फारिया, यांचा जन्म बार्देशातील कांदोळी गावी १७५६ साली झाला. पुढे आईबाप विभक्त झाले; वडील धर्मगुरू झाले, आईने मठाची वाट धरली. १७७१ साली हा मुलगा वडिलांबरोबर पोर्तुगालला निघाला. रोममध्ये अध्ययन करून १७८० साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली.

गोव्यात परंपरेने सांगतात ते असे: लिस्बन येथे राणी मारिया हिच्यासमोर प्रवचन करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. भोवती बडे दरबारी. तरुण पाद्रीचे शब्द घशातच अडकले. तेव्हा प्रवचनपीठाखाली बसलेले वडील कोंकणीत पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” घरची बोली कानी पडताच भीती पळाली आणि वाणी मोकळी झाली.

कथा लहान, मर्म मोठे. बापाने मुलाच्या वतीने प्रवचन केले नाही. शब्द मुलापाशीच होते, आणि ते वर्षानुवर्षांच्या अध्ययनाने मिळविलेले होते. भाजी चिरायची तर विळीला धार हवी. ती धार कष्टांवाचून येत नाही. मात्र ऐकणाऱ्यांना तुच्छ लेखावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. राणीही शेवटी माणूसच, इतकेच बापाला सांगावयाचे होते.

१८१३ पासून फारियांनी पॅरिसमध्ये कृत्रिम निद्रेचे जाहीर प्रयोग केले. प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो, असे मेस्मरचे अनुयायी मानीत. फारियांनी ते नाकारले. समोरच्यास डोळे मिटून चित्त एकाग्र करावयास सांगत, आणि मग ‘झोपा’ अशी आज्ञा करीत. आपल्या अंगी कसलीही गूढ शक्ती नाही. निद्रेचे कारण निद्रिस्ताच्या मनातच आहे, असे ते म्हणत. पॅरिसने त्यांची टवाळी केली. रंगभूमीवर त्यांचे सोंगही निघाले. तरी त्यांनी आपले मत ग्रंथरूपाने मांडले. १८१९ साली तो ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी, २० सप्टेंबरला, पॅरिसमध्येच त्यांनी देह ठेवला. त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे पुढे नान्सी येथील वैद्यांनी मान्य केले.

त्या ग्रंथावर त्यांनी स्वतःच्या नावापुढे ‘ब्राह्मण’ असे छापविले होते. जातीचा अभिमान आम्हांस मान्य नाही; पण परमुलखात थट्टा होत असताही या मनुष्याने आपले मूळ लपविले नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. पणजीत १९४५ पासून त्यांचा पुतळा उभा आहे.

आईबापहो, मूल अडखळले तर त्यास रागावू नका, आणि त्याच्या ऐवजी तुम्हीही बोलू नका. रोज संध्याकाळी प्रार्थना आटोपल्यावर त्यास एखादा उतारा मोठ्याने वाचावयास लावा. घरच्या भाषेची लाज त्याच्या मनात शिरू देऊ नका. आणि तो सभेत उभा राहील तेव्हा त्यास दिसेल असे पुढे बसा. कष्ट त्याचे, शब्द त्याचे; आपण फक्त त्याची आठवण करून द्यावयाची.