विरजण राखून ठेवावे

महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांतून एक जुनी पेटी हमखास आढळते. पणजोबांची मोडी पत्रे, संस्थानी नोकरीचे कागद, पिवळी पडलेली छायाचित्रे हा तीतील ऐवज. इंदुरातील आमच्या घरीही अशी पेटी आहे. वाळवीच्या भयाने आम्ही तीतील कागदांची संगणकीय चित्रे करविली, ती एका हार्ड डिस्कवर ठेविली आणि निश्चिंत झालो. गेल्या पावसाळ्यात ती डिस्क उघडेचना. धाकट्या बंधूंनी बडोद्यास एक प्रत नेली होती खरी. परंतु तीत शेवटच्या चार महिन्यांचे काम नव्हते, आणि तेवढ्या अवधीत मूळ वही वाळवीने गाठली होती. आजीच्या हातच्या ओव्यांची सतरा पाने आज कोठेही नाहीत.

त्या हळहळीतून आम्ही या विषयाचा अभ्यास आरंभिला. ज्यास 'क्लाउड' म्हणतात तो काही आकाशातील मेघ नव्हे. दूरच्या शहरातील एखाद्या कंपनीचे ते संगणक होत. तेथे आपली प्रत ठेवता येते. अडचण येते ती पहिल्या पाठवणीची. एक टेराबाइट सामग्री सेकंदास दहा मेगाबिट वेगाने धाडावयाची, तर वीज एकदाही न जाता सव्वानऊ दिवस लागतात. म्हणून मोठ्या संस्था पहिली संपूर्ण प्रत डिस्कवर भरून, कुलूपबंद सांकेतिक रूपात, टपालानेच पाठवितात. २०१५ साली ॲमेझॉनने याच कामासाठी पन्नास टेराबाइटांची 'स्नोबॉल' नावाची पेटी काढली होती. ही पहिली प्रत म्हणजे विरजण. ते एकदा लागले की पुढे रोज बदललेला तेवढाच भाग तारेवरून जातो. संकटसमयी हाच मार्ग उलट चालतो : संपूर्ण प्रत डिस्कवर भरून घरी मागवावयाची. सर्वच कंपन्या ही सोय देत नाहीत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रत घेत असतानाच मूळ सामग्री बदलत राहिली, तर अर्धे जुने व अर्धे नवे असा घोळ होतो. त्यावर उपाय 'स्नॅपशॉट', म्हणजे त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवणारे क्षणचित्र. प्रत त्यावरून घ्यावी. मात्र क्षणचित्र त्याच डिस्कवर राहिले, तर डिस्कबरोबर तेही जाते, हे विसरू नये.

याचे मोल 'गिटलॅब' या कंपनीस ३१ जानेवारी २०१७ रोजी कळले. रात्री थकलेल्या एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या संगणकावरील मुख्य माहितीसाठा पुसला गेला. सुमारे तीनशे गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले. नित्य प्रती घेणारी योजना आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे केव्हाच बंद पडली होती, आणि तसे कळविणारे संदेशही पोहोचत नव्हते. तारले ते सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी घेतलेल्या एका क्षणचित्राने. ते परत उतरवून घेण्यास सुमारे अठरा तास लागले. मधल्या सहा तासांचे काम मात्र गेले ते गेलेच. कंपनीने ही हकीकत आपण होऊन जगापुढे मांडली, हे तिचे मोठेपण.

यातील बोध आपल्या परंपरेस नवा नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ते प्रती नव्हत्या म्हणून नव्हे. प्रती पुष्कळ होत्या, पण त्यांत अपपाठ शिरले होते. प्रत असणे निराळे, आणि ती पारखून घेतलेली असणे निराळे.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. आपल्या पेटीच्या तीन प्रती असू द्याव्यात. त्या दोन निराळ्या साधनांवर ठेवाव्यात. त्यांतील एक तरी परगावी असावी. दर दिवाळीस परगावच्या प्रतीतून चार पाने परत मागवून, उघडून, वाचून पाहावीत. परक्या प्रांतात आपण भाषा राखली ती पिढ्यान्‌पिढ्या विरजण राखूनच. आमच्या घरची सतरा पाने गेली. आपल्या घरची जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.