जपलेली गाडी आणि तिचा पुरावा

हॅचबॅक म्हणजे मागचे दार काचेसह वर उघडणारी, डिकीचा वेगळा डबा नसलेली आखूड गाडी. अशाच रोजच्या वापराच्या गाडीत तिच्या वजनाच्या मानाने बरेच ताकदवान इंजिन बसवले, चाकांना आधार देणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर, म्हणजेच सस्पेन्शन, अधिक कडक केले आणि ब्रेक मोठे दिले की तिला ‘हॉट हॅच’ म्हणतात. सकाळी मुलांना शाळेत सोडणारी आणि रविवारी मोकळ्या रस्त्यावर चालकाला आनंद देणारी एकच गाडी असावी, ही या प्रकारामागची कल्पना असून तिला जगभर मान्यता मिळाली ती १९७६ साली विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे. १.६ लिटरचे आणि ११० अश्वशक्तीचे इंजिन असलेली ही गाडी कंपनीने केवळ ५,००० नग काढण्याच्या बेताने आणली होती. प्रत्यक्षात तिच्या पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. १९८४ साली आलेल्या प्यूजो २०५ जीटीआयने हा प्रकार युरोपात घरोघरी पोहोचवला.

या प्रकाराची एखादी मर्यादित आवृत्तीची, चांगली जपलेली गाडी विक्रीस निघाली की तिच्या जाहिरातीत दोन गोष्टी ठळकपणे मांडल्या जातात: अशा गाड्या किती थोड्या निघाल्या आणि ही किती कमी चालली. गाडीचे खरे मोल मात्र या दोन आकड्यांपेक्षा वेगळ्याच गोष्टींवर ठरते. ती कारखान्यातून निघाली तशीच आहे का, आणि तसे असल्याचे कागद विक्रेत्याजवळ आहेत का, हे त्यासाठी पाहावे लागते.

‘मर्यादित’ या शब्दावर किती विसंबावे हे रेनॉ क्लिओ विल्यम्स या फ्रेंच गाडीच्या इतिहासातून कळते. १९९३ साली ही निळी, सोनेरी चाकांची, दोन लिटर इंजिनाची गाडी ३,८०० नगांपुरतीच काढण्याची घोषणा झाली आणि गाड्यांवर क्रमांकाची पट्टीही लावली गेली. मागणी वाढताच कंपनीने दुसरी आणि तिसरी आवृत्ती काढली, एकूण संख्या सुमारे १२,००० वर गेली आणि दुर्मीळ वस्तू म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्या पहिल्या ग्राहकांत साहजिकच नाराजी पसरली. तरीही आज त्या गाडीला मान आहे आणि किंमतही आहे, कारण ती मुळात उत्तम बनवलेली होती. संख्येने किमतीला हातभार लागतो, परंतु यंत्रच सामान्य असेल तर केवळ संख्येच्या बळावर किंमत टिकत नाही.

भारतातील अशा गाड्यांची कथा बरीचशी महाराष्ट्रातच घडली आहे. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी निघत असे, त्याच कारखान्यात फियाटने २००१ पासून पॅलिओ बनवली, तिची १.६ लिटरची, सुमारे १०० अश्वशक्तीची जीटीएक्स ही आवृत्ती आणि सचिन तेंडुलकरच्या नावाशी जोडलेली एस-१० ही मर्यादित आवृत्ती अजूनही शौकिनांच्या बोलण्यात असते. पुढे पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे, अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या गावी, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतील कारखाना उभा राहिला आणि तेथूनच ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंतो बाहेर पडली. अबार्थ हे नाव कार्लो अबार्थ या अभियंत्याचे. तो १९०८ साली व्हिएन्नात जन्मला, त्याची रास वृश्चिक होती आणि म्हणूनच त्याच्या गाड्यांवर विंचवाचे चिन्ह आले. रांजणगावच्या या गाडीत १.४ लिटरचे टर्बो इंजिन होते. हेच इंजिन लिनिया या सेडानमध्ये ११४ अश्वशक्ती देत असे, येथे मात्र ते १४५ पर्यंत नेले होते. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि एवढे सगळे दहा लाख रुपयांच्या आत, ९.९५ लाखांच्या शोरूम किमतीत मिळत होते. संख्येची कोणतीही घोषणा न करता ती आपोआप दुर्मीळ झाली, कारण ती फार थोड्यांनी घेतली आणि बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम येण्याच्या सुमारास फियाटची नाममुद्राच भारतातून गेली.

पुणे जिल्ह्यातीलच चाकणची कथा याहून लांबलचक आहे. फोक्सवॅगन पोलो तेथे २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत बनत होती आणि निरोपाच्या वेळी कंपनीने ‘लेजंड’ नावाची ७०० गाड्यांची आवृत्ती काढली. एक लिटरचे, ११० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, सहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि किंमत १०.२५ लाख, नेहमीच्या जीटी पोलोहून तिचे वेगळेपण मुख्यत्वे नावाच्या पट्ट्या, बाजूची चित्रपट्टी आणि डिकीवरील काळी पट्टी एवढेच होते. तिच्या आधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, कंपनीने पोलो जीटीआय थेट परदेशातून आणली होती: फक्त ९९ गाड्या, प्रत्येकीला तीनच दारे, १.८ लिटरचे १९२ अश्वशक्तीचे इंजिन आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ७.२ सेकंदांत. तिची शोरूम किंमत २५.६५ लाख होती, कारण पूर्ण तयार आयात गाडीवर त्या वेळी ६० टक्के सीमाशुल्क होते. वर्षभरातच ती २० लाखांच्या आत आणावी लागली. २०२५ साली गोल्फ जीटीआयच्या १५० गाड्यांची पहिली खेप ५३ लाख रुपये दराने आली, तेव्हापासून या जुन्या पोलोकडे पाहण्याची दृष्टीही बदलली आहे.

असा प्रकार भारतात मुळात इतका विरळ का राहिला, याचे उत्तर करात सापडते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि पेट्रोल इंजिन १२०० घन सेंटिमीटरच्या आत असलेल्या गाड्यांचे अबकारी शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. अबार्थ पुंतोची लांबी या मर्यादेत बसत होती, परंतु तिचे १३६८ घन सेंटिमीटरचे इंजिन बसत नव्हते, म्हणून तिला मोठ्या गाडीचा कर पडला. चाकणच्या जीटी पोलोचे इंजिन आधी ११९७ आणि नंतर ९९९ घन सेंटिमीटरचे ठेवले गेले, ते याच रेषेच्या आत राहण्यासाठी. भारतीय हॉट हॅचची ताकद किती असावी हे अभियंत्याइतकेच करखात्यानेही ठरवले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

आता अशी गाडी पुण्यात किंवा नागपुरात विक्रीला असेल आणि घेणारा वडसा-देसाईगंजचा असेल, तर ‘जपलेली’ या शब्दाची परीक्षा अधिक कडकपणे करावी लागते. वडसा गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेले, धानाच्या पट्ट्यातील गाव आहे. पलीकडच्या तीरावरील ब्रह्मपुरीचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत तिचे नाव वरचेवर येते आणि पावसाळ्यात याच भागातील हवा महिनोन्महिने ओली राहते. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली म्हणजे ती जपली गेली, हा समज अशा हवामानात महागात पडतो. न चालणाऱ्या गाडीच्या ब्रेकच्या तबकड्यांवर गंज धरतो, एकाच जागी दबलेल्या टायरला सपाटपणा येतो, बॅटरी उतरते आणि रबरी सील सुकून भेगाळतात. टाकीतील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, त्यामुळे तेच पेट्रोल टाकीत दीर्घकाळ पडून राहणे वाईट. जुन्या गाडीला किती इथेनॉल चालते हे तिच्या पुस्तिकेत आधी पाहावे. धान साठवलेल्या परिसरात उंदीर असणारच, आणि इंजिनाखालच्या वायरी कुरतडण्यास त्यांना एक रात्र पुरते. म्हणून दहा वर्षांत आठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा चाळीस हजार चाललेली, दर वर्षी वेळेवर तेल बदललेली गाडी अधिक भरवशाची मानावी.

टर्बो इंजिनाच्या बाबतीत तेलाचे महत्त्व विशेष आहे. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त धुराच्या झोताने फिरणारे छोटे पंखचक्र. त्याच्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. जोरात चालवून आणलेली गाडी थांबताच बंद करण्याची सवय असेल तर ते तेल तेथेच जळून कोळशासारखे चिकटते आणि टर्बोचे आयुष्य घटते. पाहणीच्या वेळी थंड इंजिन सुरू करायला लावावे, आधीच गरम करून ठेवलेले नको. सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर तेल जळते आहे असे समजावे, कारण टर्बोची किंवा इंजिनाची झीज झाल्याखेरीज तसे सहसा होत नाही.

या गाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू मात्र हवामान नसून मागील मालकाची हौस आहे. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवण्याच्या कामाला ‘रिमॅप’ म्हणतात. लॅपटॉप जोडून ते थोड्या वेळात होते आणि विकताना तितक्याच सहजतेने पुसताही येते, परंतु क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवर पडलेला ताण पुसता येत नाही. पोलो जीटीआयच्या बाबतीत हे फार स्पष्ट आहे. तिचा सात गिअरांचा, कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स साधारण २५० न्यूटन मीटर इतकीच पिळाची ताकद सोसण्यासाठी बनवलेला असल्यामुळे कंपनीने इंजिन मुद्दाम २५० वर बांधून ठेवले होते. हाताने गिअर बदलण्याच्या परदेशी आवृत्तीत तेच इंजिन ३२० देत असे. ही मर्यादा उठवणारा मालक गिअरबॉक्सचे आयुष्य खर्ची घालत असतो. याच जातीच्या गिअरबॉक्सची जगभरातील सुमारे १६ लाख वाहने उष्ण व दमट हवेत तेलामुळे होणाऱ्या विद्युत बिघाडासाठी २०१३ साली परत बोलावण्यात आली होती, हेही पूर्व विदर्भातील ग्राहकाने ध्यानात ठेवलेले बरे. कायदाही येथे आडवा येतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा मूलभूत बदल करता येत नाही, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले, आणि न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडकू शकतो.

मूळपणाची तपासणी करण्यास फार साधने लागत नाहीत. बोनेट उघडून मडगार्डचे बोल्ट पाहावेत. कारखान्यात बोल्टवरही रंग बसलेला असतो, तो कडांना खरवडलेला दिसला तर पाना लागलेला आहे, म्हणजे तो भाग कधीतरी काढला गेला आहे. डिकीतील गालिचा उचलून सुट्या चाकाच्या खड्ड्यातील वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का, हे पाहावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळाल्यास उत्तमच. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि एखाद्या दारावर ३०० दिसले तर तेथे डेंटिंग-पेंटिंग झालेले असते. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. ‘फार कमी चाललेल्या’ गाडीला तिसरा टायरसंच लागलेला असेल तर मीटरवरील आकड्याला अर्थ उरत नाही. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मिळवाव्यात आणि त्या नोंदींतील किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का ते ताडावे. मर्यादित आवृत्तीचा दावा असेल तर मूळ बिलावर त्या आवृत्तीचे नाव हवे. लेजंडच्या पट्ट्या बाजारात करून मिळतात, बिल मिळत नाही.

सुट्या भागांचा विचार वडशाच्या ग्राहकाने सर्वांत आधी करावा, कारण अशा गाडीचे काम करणारे सर्व्हिस सेंटर नागपूरच्या अलीकडे शोधणे कठीण. लेजंडचे जवळजवळ सगळे भाग साध्या पोलोचे आहेत. अबार्थचे पत्र्याचे भाग साध्या पुंतोचे चालतात आणि इंजिनाचे बरेच भाग लिनियाचे, पण विंचवाच्या चिन्हाची चाके एकदा फुटली की तशीच मिळवणे दुष्कर. जीटीआयची लांब दारे आणि मागच्या बाजूच्या काचा चाकणच्या पाच दारांच्या पोलोला लागत नाहीत, त्यामुळे गायीगुरांच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरचा छोटा अपघातही तिला महिनोन्महिने उभी ठेवू शकतो. तिच्या इंजिनाला ९५ ऑक्टेनचे पेट्रोल सांगितले आहे, तर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येण्यापूर्वी आपल्याकडील पंपांवर सामान्यतः ९१ चे मिळत असे. ऑक्टेन कमी पडले की इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घेते आणि ज्या ताकदीसाठी पैसे मोजले तीच घटते.

कागदपत्रांचे काम तुलनेने सोपे आहे. महाराष्ट्रातील गाडी असेल तर रस्ताकर पुन्हा भरावा लागत नाही आणि एमएच-१२ चा क्रमांक गडचिरोलीच्या एमएच-३३ मध्ये बदलावा लागत नाही. नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलते, कर्ज असल्यास बँकेचा नमुना ३५ लागतो. परराज्यातील गाडीला ना हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि नवा क्रमांक, असा खर्च वाढतो. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावा, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी बसवली आहे का तेही पाहावे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणून २०१५ च्या अबार्थला २०३० पासून दर पाच वर्षांनी योग्यता तपासून नूतनीकरण करावे लागेल.

हे सर्व लक्षात घेता, वडशाला राहून रोज वापरण्यासाठी अशी गाडी हवी असलेल्याने लेजंड घ्यावी, आणि केवळ पट्ट्यांसाठी साध्या जीटी पोलोपेक्षा फार जास्त मोजू नयेत. जीटीआय ही नागपूर, पुणे वा मुंबईच्या संग्राहकाची गाडी आहे. वडशात तिचे हालच होतील. मात्र रिमॅप न झालेली, मूळ चाकांची आणि पूर्ण नोंदींची अबार्थ पुंतो कोठे आढळली तर तिच्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत, कारण महाराष्ट्रात बनलेल्या हॅचबॅकमध्ये तिच्याइतकी ताकद क्वचितच कोणाला मिळाली आणि तशा, हात न लागलेल्या गाड्या दर वर्षी कमी होत आहेत.