पूर, घाट आणि जुनी डिझेल गाडी

महाड-पोलादपुरात जुनी गाडी बघायला गेलं की विकणारा आधी मीटर दाखवतो. "फक्त ऐंशी हजार चाललीय, दादा." मीटर हा या व्यवहारातला सगळ्यात कच्चा साक्षीदार. तो मागे फिरवून देणारे शोधायला फार लांब जावं लागत नाही. शिवाय वेळेवर ऑइल बदललेलं डिझेल इंजिन दीड-दोन लाख किलोमीटरला थकत नाही, आणि हेळसांड झालेलं साठ हजारातच खोलावं लागतं. आपल्या भागात आधी विचारायचे प्रश्न दोन: ही गाडी पाण्यात होती का, आणि ही घाट कशी चढते-उतरते.

पाण्याचा प्रश्न आधी का, ते महाडकराला सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सावित्री उगम पावते तिथेच. ते सगळं पाणी पोलादपूरवरून महाडात उतरतं, महाडला गांधारी येऊन मिळते आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असेल तर पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही. त्या वेळी बाजारपेठेत, गल्ल्यांत, सोसायट्यांच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. चिपळूणही त्याच दिवशी बुडालं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरची तीच गत झाली होती.

अशा गाडीचा दुरुस्तीखर्च तिच्या किमतीच्या घरात गेला, की विमा कंपनी 'टोटल लॉस' धरून मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात विकली जाते. त्यात बेकायदा काही नाही. काही गाड्या सुट्या भागांसाठी खोलल्या जातात. काही मात्र धुऊन, सुकवून, नवीन सीटकव्हर चढवून पुन्हा बाजारात येतात, आणि शक्यतो जिथे पूर आला तिथे येत नाहीत, कारण तिथलं गिऱ्हाईक वास घेतं. त्यामुळे 'पुण्याची गाडी आहे' हे ऐकून निर्धास्त होऊ नये. उलट एमएच-०६ पाहून घाबरायचंही कारण नाही. पेणच्या आरटीओचा तो क्रमांक अलिबाग, रोह्यापासून पोलादपूरपर्यंतच्या गाड्यांना असतो आणि त्यांतल्या बहुतेकांनी पूर पाहिलेला नाही.

पाण्याने डिझेल गाडीचं नेमकं काय होतं, हे एकदा समजलं की कुठे बघायचं तेही समजतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबतो, दाबलेली हवा तापते, त्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपसूक पेटतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिन बंद असताना गाडी नुसती बुडाली तर एकवेळ निभावतं. पण कुणी घाईने चावी मारली, किंवा कमरेएवढ्या पाण्यातून गाडी रेटली आणि एअर फिल्टरमधून पाणी आत ओढलं गेलं, तर पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेला रॉड लगेच तुटत नाही. गाडी सुरू होते, चालते, आवाज जरासा खरखरीत येतो, धूर थोडा जास्त. मग कधीतरी भर चढावर तोच रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

दुसरी नाजूक जागा म्हणजे पंप आणि इंजेक्टर. चाकात हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. कॉमन रेल डिझेलच्या नळीत तो हजार बारच्या वर जातो. एवढा दाब धरणाऱ्या भागांत गंजाचा कणही खपत नाही, आणि चार इंजेक्टर बदलायचे म्हटले तर खर्च पाच आकड्यांत जातो. तिसरी जागा वायरिंग. जोडांच्या पितळी पिनांवर हिरवट थर धरतो, आणि त्याचे चाळे सहा महिन्यांनी, पुढच्या पावसात सुरू होतात: कधी खिडकी वर जात नाही, कधी एअरबॅगचा दिवा विझत नाही, कधी गाडी उभ्या उभ्या बंद पडते.

आता शोधायचं कसं? पुढच्या दोन्ही सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून काढा, अगदी अडकेपर्यंत. धुणारा माणूस पट्ट्याचा दिसणारा भाग धुतो; खांबाच्या आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ किंवा डाग दिसला, पट्टा कडक लागला, तर बघायचं थांबवा. पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा बनवल्याचं साल असतं. गाडी २०१४ ची आणि पट्टा २०२१ चा असेल तर तो का बदलला, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळाचे बोल्ट बघा. आतल्या भागातले हे बोल्ट एरवी गंजायचं कारण नाही. मॅटिंगचं एक टोक उचलून खालच्या फोमात बोट खुपसा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खाचेचे कोपरे बघा, ग्लोव्ह बॉक्स उतरवून ब्लोअरची जागा बघा; गाळ तिथे बसून राहतो. अत्तराचा घमघमाट येणाऱ्या गाडीकडे जरा जास्तच वेळ द्यावा.

एक पुरावा कागदावरही मिळतो, आणि तो फार कमी लोक बघतात. जुन्या पॉलिस्या मागा. विम्याचा दावा न केलेल्या प्रत्येक वर्षागणिक मालकाला सवलत चढत जाते: २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. २०२१ च्या पॉलिसीत ४५ टक्के आणि २०२२ च्या पॉलिसीत शून्य, असं असेल तर मधल्या वर्षात दावा झालाय. कशाचा, ते विचारा. फक्त एक ध्यानात ठेवा: ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे मधे मालक बदलला असेल तरीही आकडा शून्यावर येतो. आणि त्या वर्षाची पॉलिसी 'सापडत नाही' असं उत्तर आलं, तर तेही एक उत्तरच.

पाण्याची शंका फिटली की इंजिनाकडे वळायचं. गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आगाऊ सांगा, "मी येईपर्यंत चालू करू नका." पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. ते कोमट असेल तर चहा घ्या, गाडी निवू द्या किंवा दुसऱ्या दिवशी या. गार डिझेल इंजिनच खरं बोलतं. आपल्याकडे थंडी ती केवढी! महाडच्या हवेत धडधाकट डिझेल इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यातच धरायला हवं. ते बराच वेळ नुसतंच फिरत राहिलं, तर थंडीचं निमित्त इथे चालणार नाही; ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी गेलेलं आहे.

धुराचा रंग बघायला मागे कुणालातरी उभं करा. सुरुवातीला जरासा पांढुरका वाफारा दिसून विरला तर ठीक. पांढरा धूर रेंगाळला तर न जळलेलं डिझेल किंवा आत शिरणारं कूलंट. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोची फाटलेली नळी, खराब इंजेक्टर. यांतलं काही स्वस्तात सुटतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, आणि तिथे स्वस्त काही नसतं.

इंजिन गरम झालं की ऑइल भरायचं झाकण सोडवून तोंडावरच उलटं ठेवा. मंद गतीवर ते जरासं थरथरेल, तेवढं चालतं. उडून पडलं आणि तोंडातून भकाभका धूर आला, तर गॅरेजवाले ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन मारते' म्हणतात तो प्रकार, रिंगा-लायनर झिजले. इंजिन बंद करून, ऑइल खाली उतरल्यावर डिपस्टिक काढा. ऑइल काळं दिसलं म्हणून नाक मुरडू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र आत पाणी आहे.

मग घाट. विकणारा म्हणेल, "घाट कशाला, हायवेला मारू एक राउंड." चौपदरी सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या वाटतात. डिझेल भरायचे पैसे तुम्ही द्या, पण चढावर न्या. पोलादपूरकरांना जुना कशेडी घाट उत्तम. बोगदा सुरू झाल्यापासून तिथली गर्दी ओसरलीय. वेळ असेल तर आंबेनळीने महाबळेश्वरच्या दिशेने जा. पोलादपूर जवळजवळ खाडीच्या पातळीवर आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, यापेक्षा कडक परीक्षा कुठे मिळणार? महाडकरांना वरंधा आहे, पण पावसाळ्यात तो वाहतुकीला अनेकदा बंद असतो, आधी चौकशी करावी. दरडींच्या दिवसांत यातल्या कुठल्याच घाटात गाडी तपासायला जाऊ नये.

चढताना एसी लावा, काचा वर, रेडिओ बंद. तापमानाचा काटा मधल्या जागी येऊन तिथेच थांबला पाहिजे. चढत राहिला तर रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट. सरळ चढ मिळाला की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचे फेरे वाढले पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपलीय. आपल्याकडच्या गाड्यांत हे फार दिसतं, कारण घाटात ट्रकमागे अर्ध्या क्लचवर गाडी तोलायची सवय. अनेक नव्या डिझेल गाड्यांत क्लचबरोबर दोन भागांचं फ्लायव्हीलही असतं, आणि ते धरून खर्च दुप्पट-तिप्पट होतो. इंजिन बंद करताना गाडी गदगदा हलली तर संशय घ्यावा. टर्बोचं म्हणाल तर साधारण अठराशे-दोन हजार फेऱ्यांना पाठीमागून कुणी ढकलल्यासारखा जोर लागायला हवा. तो येत नसेल किंवा शिट्टीचा आवाज वाढत जात असेल, तर परतल्यावर टर्बोच्या नळ्या ऑइलने भिजल्यात का ते बघा.

उतरताना आणखी कळतं. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवरून काढून, गाडी इंजिनच्या जोरावर उतरू द्या. गिअर आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्सचं काम निघालं. असा लांब उतार संपल्यावर अॅक्सिलरेटर दाबा आणि आरशात बघा. उताराला आत ओढलं गेलेलं ऑइल त्या क्षणी जळतं. निळसर ढग उठला तर सकाळी गॅरेजसमोर स्वच्छ वाटलेलं इंजिनही ऑइल पितंय. सपाटीवर हा दोष सहसा दिसत नाही, म्हणूनच सगळा घाटाचा खटाटोप.

परत आल्यावर गाडी वॉशिंगच्या रॅम्पवर चढवा आणि खालून बघा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पत्रा खालून खातो: दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडची गाडी असेल तर खाऱ्या वाऱ्याने त्यात भर. खाली नुकताच मारलेला काळा कोट दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. घट्ट आवाज यावा, भुसभुशीत नको.

एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ गाडी असेल तर एक वेगळी भानगड आहे. एक्झॉस्टमधल्या डीपीएफ नावाच्या जाळीत काजळी साठते आणि ती जाळायला सलग वेगात धावावं लागतं. घर ते बाजार ते एमआयडीसी एवढंच फिरलेल्या गाडीत हे जाळणं अर्ध्यावर राहतं, जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वर चढलेलं दिसतं. जाळी कापून काढलेली गाडीही मिळते. ती नियमबाह्य आहे, घेऊ नये. ज्यांचं फिरणं असं जवळपासचंच आहे त्यांनी, माझ्या मते, डिझेलच्या नादाला लागू नये.

कुठली गाडी, यावर मतं अनेक. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा यांतलं १.३ लिटरचं फियाटचं इंजिन गावोगावच्या मेकॅनिकला पाठ आहे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं तरी त्याचे भाग सगळीकडे मिळतात. बोलेरोबद्दल इथे कुणाला सांगावं! डस्टर चालवायला सुरेख, पण तिच्या डिझेल इंजिनात टायमिंगचा पट्टा असतो. तो कधी बदलला त्याचं बिल नसेल, तर बदलायचे पैसे किमतीतून वजा करा.

कागदांत आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडा. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ई-चलान थकलेत का ते बघा. स्वस्तात मिळणाऱ्या दिल्लीच्या डिझेल गाड्या तिथल्या दहा वर्षांच्या बंधनामुळे बाहेर पडलेल्या असतात. इथला कर नव्याने भरायचा धरला की स्वस्ताई बरीच आटते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करा, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

भाव करायचा तर गणपतीआधी जाऊ नका. तेव्हा मुंबईकर येणार म्हणून प्रत्येकाला गाडी हवी असते. पितृपक्षात बरेच लोक खरेदी टाळतात, विकणारा तेव्हा ऐकून घेतो. ठरलेल्या रकमेतला थोडा भाग आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत राखून ठेवायचं दोघांच्या सहीने लिहून घ्या. आणि ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि बॅटरी यांसाठी वीस-पंचवीस हजार पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा.