एक्सेलमध्ये बरोबर, नोटिशीत चूक! तारीख आणि खाते क्रमांक बदलतात कशामुळे?

घरपट्टीची नोटीस असो की सोसायटीचं थकबाकीचं पत्र, दोनशे जणांना एकदम काढायचं तर ऑपरेटर यादी एक्सेलमध्ये करतो, मजकूर वर्डमध्ये लिहितो आणि मेल मर्जने दोन्ही जोडतो. काम तासाभरात उरकतं. घोळ दिसतो तो छापून आल्यावर. यादीतली ०५/०६/२०२५ ही तारीख नोटिशीत ६/५/२०२५ होते आणि ५ जूनची मुदत लोक ६ मे अशी वाचतात. मुदत संपली म्हणून म्हातारी माणसं घाबरून कार्यालयात धावतात. १२५०.५० रुपयांचेही १२५०.५ झालेले असतात.

यात ऑपरेटरचं टायपिंग चुकलेलं नसतं. एक्सेल आकडा आत एका रूपात ठेवतं आणि पडद्यावर आपल्याला हव्या त्या रूपात दाखवतं. वर्ड आतला आकडा तेवढा उचलतं. तारीख मग अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी, अशी उमटते.

सोपा उपाय वर्डमध्येच आहे. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन खाली 'जनरल'मध्ये 'कन्फर्म फाईल फॉरमॅट कन्व्हर्जन ऑन ओपन'वर टिक करा. यादी पुन्हा जोडताना विचारणा होईल, तेव्हा 'डीडीई'चा पर्याय निवडा. दिसला नाही तर 'शो ऑल' दाबा. आता तारीख आणि रक्कम एक्सेलमध्ये दिसते तशीच वर्डमध्ये येते. मात्र यादी पहिल्याच शीटवर हवी.

खाते क्रमांकाचं दुखणं वेगळं, आणि जास्त महागात पडणारं. सुरुवातीचं शून्य एक्सेल टाईप करतानाच खातं. क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठा असेल तर पुढच्या अंकांच्या जागी शून्य बसतं. हे नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. आकडे भरण्याआधीच तो कॉलम 'टेक्स्ट' करावा लागतो. आधी भरलेले क्रमांक पासबुक समोर ठेवून पुन्हा टाईप करायचे. अनुदानाच्या यादीत हे राहिलं तर पैसे अडकलेच म्हणून समजा.

मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं आली तर यादी जुन्या फॉन्टमध्ये आहे. वर्डमधलं ते फील्ड सिलेक्ट करून तोच फॉन्ट द्या, नावं वाचता येतात.

प्रिंट देण्याआधी 'प्रिव्ह्यू रिझल्ट्स' दाबून चार-पाच नावं यादीशी ताडून पाहा. त्यात १२ तारखेच्या आतली एखादी तारीख असू द्या. १३ च्या पुढच्या तारखेत महिना कोणता ते लगेच कळतं, खरी फसगत आतल्या तारखांची होते.