हँगरमधून नियोजनाच्या टेबलाकडे

बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे, बाघ नदीच्या परिसरातील गाव. तेथून जवळच, गोंदियानजीक बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टी असून २००८ साली स्थापन झालेली वैमानिक प्रशिक्षण संस्था तेथे आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पात बोईंग कंपनीने उभारलेले विमानदुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. या भागातील तरुणांना विमानदुरुस्तीच्या व्यवसायात प्रवेश कसा करावा याची माहिती आता मिळू शकते. परंतु दहा-पंधरा वर्षे रात्रपाळ्या केल्यावर, गुडघे व पाठ कुरकुरू लागल्यावर पुढे काय, याविषयी क्वचितच कोणी सांगतो.

अशा वेळी कार्यालयीन कामाचा मार्ग खुला असतो. कोणते विमान कोणत्या दिवशी कोणत्या तपासणीस उभे करावयाचे हे नियोजन विभाग ठरवितो. उत्पादकाकडून आलेल्या सूचनांचा अर्थ लावून त्या अमलात आणणे हे तांत्रिक सेवा विभागाचे काम. प्रत्येक सुट्या भागाचा इतिहास अभिलेख विभाग जपतो, तर गुणवत्ता विभाग या सर्वांवर लक्ष ठेवतो. शासकीय सेवेत यावयाचे झाल्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात उड्डाणयोग्यतेचे काम पाहणारे अधिकारीही असतात.

हँगरमधील मंडळी या कामांना थोड्या उपहासाने 'कागदी काम' म्हणतात. तो उपहास अनाठायी आहे, हे अमेरिकेतील एका अपघातावरून स्पष्ट होईल. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ जातीचे विमान पॅसिफिक महासागरात कोसळून सर्व ८८ जण मृत्युमुखी पडले. विमानाच्या शेपटीकडील आडव्या पंखाचा कोन बदलणाऱ्या लांब स्क्रूवरील नटाचे आटे पूर्णपणे झिजले होते. पुरेसे ग्रीस न मिळणे हे त्याचे कारण. ग्रीस भरण्याच्या दोन वेळांमधील अंतर कंपनीने टप्प्याटप्प्याने वाढवीत नेले होते. १९९६ मध्ये ते आठ महिने करण्यात आले आणि उड्डाणतासांची मर्यादाही राहिली नाही. झीज मोजण्याच्या तपासणीचे अंतरही वाढविले गेले होते. हे निर्णय टेबलावर झाले. त्या स्क्रूपर्यंत पोहोचण्याची झडप इतकी अरुंद होती की हात आत घालून ग्रीस नीट भरणे कठीण जाई, ही गोष्टही चौकशीत पुढे आली. ज्याने त्या झडपेतून स्वतः हात घातला आहे, असा मनुष्य नियोजनाच्या टेबलावर बसलेला असेल, तर मुदत वाढविण्याच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी तो निश्चित थबकेल. कार्यालयास अनुभवी कारागिराची गरज असते ती याचसाठी. केवळ संगणकावरील तक्ते भरण्यासाठी दुसरी माणसे मिळतात.

मात्र हा बदल करणाऱ्याने परवान्याकडे दुर्लक्ष करू नये. सीएआर-६६ या नियमावलीनुसार परवानाधारकास विमान सेवेस योग्य असल्याचे प्रमाणित करावयाचे असेल, तर मागील दोन वर्षांत किमान सहा महिन्यांचा देखभालीचा अनुभव असावा लागतो, अथवा तो अधिकार देण्यासाठी असलेल्या अटी तरी पूर्ण कराव्या लागतात. परवाना खिशात आहे, पण सहीचा अधिकार वापरता येत नाही, अशी अवस्था टेबलावर रमलेल्या माणसाची नकळत होते. पुढे हँगरमध्ये परतावेसे वाटले, किंवा नोकरीच गेली, तर हीच बाब आड येते. उड्डाणयोग्यता व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेत विमानाच्या उड्डाणयोग्यतेचा आढावा घेणाऱ्या पदासाठी त्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव व परवाना किंवा तत्सम पदवी अपेक्षित असते. तेव्हा परवाना तेथेही उपयोगी पडतो.

वेतनाचा हिशेबही आधी मांडावा. रात्रपाळीचा आणि परवान्यावर मिळणारा भत्ता टेबलावर बहुधा बंद होतो, आणि पदनाम मोठे दिसले तरी हातात येणारी रक्कम पहिली काही वर्षे कमी असू शकते. घरचे कर्ज, मुलांचे शिक्षण चालू असता ही गोष्ट किरकोळ नव्हे.

याखेरीज लेखनाची सवय हवी. पान्याने उत्तम काम करणारे कित्येक जण दोन परिच्छेदांचा अहवाल लिहिताना अडखळतात, कारण हँगरमध्ये त्यांना कोणी तो लिहावयास लावलेला नसतो. ही तयारी बदलीपूर्वीच सुरू करता येते: जॉब कार्डावर 'तपासले, ठीक' एवढेच न लिहिता काय मोजले, किती आले आणि मर्यादा किती, हे स्वच्छ नोंदवावे, एखादा दोष वारंवार येत असेल तर त्याचे टिपण करून तांत्रिक सेवा विभागाकडे पाठवावे. असे टिपण पाठविणाऱ्याचे नाव तेथे लक्षात राहते. बदली स्वीकारताना वर्षातून किती दिवस हँगरमध्ये काम करू दिले जाईल, हे संस्थेकडून लेखी घ्यावे.