चौथऱ्यावरून उतरलेली माती

मुंबईतल्या गॅलरीत सिरॅमिकचं प्रदर्शन लागलं की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. ‘मायक्रोवेव्हमध्ये चालेल का?’ आणि ‘सहाचा सेट नाही का मिळणार?’ हुसेनच्या घोड्यावर बसता येतं का, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. मातीची वस्तू मात्र कितीही उंच चौथऱ्यावर ठेवा, बघणारा मनातल्या मनात तिच्यात चहा ओतून पाहतोच. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माठ, पणती आणि लोणच्याची बरणी यांच्याशी त्याची घरोब्याची ओळख आहे, आणि प्रदर्शनं मांडणाऱ्यांनीही बराच काळ त्याला दुसरं काही दाखवलं नाही. एका टेबलावर मग, शेजारी वाडगे, कोपऱ्यात एखादं ‘शिल्प’, प्रत्येकासमोर किमतीची चिठ्ठी, आणि विकलं गेलं की लाल टिकली. हे दुकानच झालं; फक्त दिवे चांगले.

ही सवय मोडण्याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रयत्न जयपूरमध्ये झाला. २०१८ च्या ऑगस्टअखेरीस तिथल्या जवाहर कला केंद्रात पहिलं ‘इंडियन सिरॅमिक्स ट्रायनाले’ उघडलं आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चाललं. नाव होतं ‘ब्रेकिंग ग्राउंड’. ३५ भारतीय आणि १२ परदेशी कलावंत. जवाहर कला केंद्राच्या जोडीने ते मांडलं ‘कंटेम्पररी क्ले फाउंडेशन’ने, म्हणजे अंजनी खन्ना, माधवी सुब्रह्मण्यन, नेहा कुडचडकर, रियाझ बदरुद्दीन, शर्बानी दासगुप्ता आणि विनीत कक्कड या सहा जणांनी. सहाही जण स्वतः मातीत हात घालणारे. समीक्षक किंवा गॅलरीवाले यांनी बोलावण्याची वाट न पाहता कुंभारांनीच मांडव घातला, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

जागाही नेमकी मिळाली. चार्ल्स कोरिया यांनी ही वास्तू सवाई जयसिंगांच्या नगररचनेवरून बेतली: नऊ चौकोन, नऊ ग्रह, आणि जुन्या शहराप्रमाणेच त्यातला एक चौकोन जागेवरून सरकलेला. इथे नाटकाला आलेला माणूस, कॉफी हाउसमध्ये तासभर बसणारे विद्यार्थी, सहज डोकावणारी कुटुंबं असे सगळेच येतात. गॅलरीच्या काचेच्या दाराशी ज्यांची पावलं अडखळतात, तेच इथे मुख्य प्रेक्षक. मुख्य म्हणजे इथे अंगण होतं, लांबरुंद भिंती होत्या आणि अडीच महिने होते. मातीला या तिन्ही गोष्टी लागतात.

कशासाठी लागतात, ते जुरी किम या कोरियन कलावतीच्या कामावरून कळतं. तिने कच्च्या मातीत एका जयपुरी वास्तूची बारीक कोरीवकामासह प्रतिकृती घडवली आणि ती पाण्यात उभी केली. पाणी खालून वर चढत जातं, मातीचे कण एकमेकांची साथ सोडतात, आधी पाया मऊ पडतो, मग एखादी कमान वाकते, मग भिंत बसते. याला दिवस लागतात. आठवड्याच्या प्रदर्शनात हे मांडायचं कसं? विकायचं काय? आणि लाल टिकली चिकटवायची कुठे? हीच वास्तू भट्टीतून काढली असती तर पाण्याने तिचं काही बिघडलं नसतं. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं आणि त्यानंतर तिचा पुन्हा चिखल होत नाही. त्याच्या अलीकडे चूक झाली तर मोडून पुन्हा मळता येते; पलीकडे चूक झाली की खापर. कुंभाराचा सगळा धंदा या रेषेच्या पलीकडे उभा आहे. किमने अलीकडे थांबून काम केलं, आणि म्हणूनच आयुष्यभर भाजलेली भांडी पाहिलेल्या आपल्याला ते एवढं अस्वस्थ करतं.

भाजण्याचा विषय निघालाच आहे तर गॅलरीतल्या एका कोड्याचं उत्तर देऊन टाकतो. आजच्या सिरॅमिक मांडण्यांत एकसारख्या शेकडो तुकड्यांची एवढी रेलचेल का असते? भिंतभर ताटल्या, जमिनीवर पसरलेले गोळे, छतापासून लोंबणाऱ्या नळ्या. भिंतीवरच्या टिपणात त्याचा अर्थ ‘पुनरावृत्ती’, ‘स्मृती’, ‘ध्यान’ असा काहीतरी लिहिलेला असतो. असेलही. पण आधीचं कारण भट्टीचं दार आहे. दारातून जे आत जाईल तेवढंच भाजून निघेल. मोठं काम करायचं तर ते तुकड्यांत करा आणि बाहेर आल्यावर जोडा. त्यात स्टोनवेअरची माती सुकताना आणि १२०० ते १३०० अंशांवर भाजताना दहा-बारा टक्के आकसते. जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या चालीने सुकले की तडा जातो. थंड होताना ५७३ अंशांच्या आसपास आतली गार (क्वार्ट्झ) एकदम अंग चोरते, तेव्हा भट्टी घाईने उघडली तर ठण्ण असा आवाज येतो आणि महिन्याची मेहनत दुभंगते. अशा व्यवहारात शंभर छोटे तुकडे करणं हा शहाणपणा आहे. दहा फुटले तरी नव्वद उरतात.

भट्टीच्या या जाचातून सुटण्याचा सगळ्यात अचाट मार्ग रे मीकर यांनी शोधला. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकी जोडप्याने पुदुच्चेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. सुरूच्या लाकडावर पेटणाऱ्या तिथल्या भट्ट्यांभोवती आजच्या भारतीय सिरॅमिकमधली दोन पिढ्यांची माणसं घडली. माधवी सुब्रह्मण्यन आणि विनीत कक्कड त्यांतलेच. मीकर मूळचे वास्तुकलेचे विद्यार्थी. १९८० च्या दशकात त्यांनी कच्च्या विटांची घरं बांधली, आत विटा-कौलं रचली आणि अख्खं घरच पेटवलं. घर हीच भट्टी. आतला माल विकून जळणाचा खर्च निघावा, असा हिशेब. घरबांधणीची पद्धत म्हणून ते फारसं पसरलं नाही. पण मातीचं काम टेबलाएवढंच असावं हा समज त्या धगीत जळून गेला, असं म्हणायला हरकत नाही.

दिल्लीची वाट वेगळी. सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले, तिथे बर्नार्ड लीच आणि हमादा या नामवंत कुंभारांच्या वर्तुळात वावरले आणि परतल्यावर बऱ्याच वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांनी ‘दिल्ली ब्लू’ची भट्टी लावली. त्यांचा कल शेवटपर्यंत भांड्याकडे राहिला. भिंतीकडे वळले ते चित्रकार. के. जी. सुब्रह्मण्यन यांनी १९६३ मध्ये लखनौच्या रवींद्रालयावर ८१ फूट लांबीचं टेराकोटाचं भित्तिशिल्प केलं आणि १९७१ च्या बांगलादेश युद्धानंतर सेनापती आणि त्यांचे बळी यांच्या टेराकोटा चौकटी घडवल्या. त्या पाहून चहाचा विचार कुणाच्या मनात येईल असं वाटत नाही.

आणि मुंबई? खरं तर इथे सुरुवात फार लवकर झाली होती. १८७० च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची शाखा उघडली. सिंधच्या निळ्या-हिरव्या झिलईचा आधार घेतला. त्याच सुमारास तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची चित्रं उतरवत होते. तिथल्या आकृती मग फुलदाण्यांवर आल्या. ही भांडी पाणी भरायला केलेलीच नव्हती. ती प्रदर्शनांसाठी आणि साहेबाच्या दिवाणखान्यासाठी होती. काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, तर काही भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. राणीच्या बागेत जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून ती जरूर पाहावीत. काहींवर नक्षीचा इतका मारा आहे की मूळ घाटच दिसेनासा होतो. तरीही मातीची वस्तू ‘पाहण्यासाठी’ करण्याचा प्रयोग आपल्या शहरात दीडशे वर्षांपूर्वी झाला होता, हे त्यातून समजतं.

मुंबईने अलीकडे एकदा हा सगळा इतिहास एकत्र मांडूनही दाखवला. २०१७ मध्ये लोअर परळच्या पिरामल म्युझियम ऑफ आर्टमध्ये ‘म्यूटेबल’ हे प्रदर्शन झालं; १९४७ नंतरची भारतातली सिरॅमिक आणि मृत्तिका-कला हा त्याचा विषय. जयपूरच्या ट्रायनालेच्या जेमतेम वर्षभर आधीचं हे काम. मुंबईने मागे वळून पाहिलं आणि जयपूरने पुढचं मैदान मागितलं, असा मला या दोहोंतला फरक दिसतो.

जयपूरची एक गंमत इथे सांगायलाच हवी. या शहराची जगभर नाव झालेली ‘ब्लू पॉटरी’ जवळजवळ मातीची नसतेच. गारेची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांचा तो लगदा; चाकावर नीट चढत नाही म्हणून मुख्यतः साच्यात दाबतात. विसाव्या शतकात ही कला मरणपंथाला लागली होती; तिला उभारी देण्यात चित्रकार कृपालसिंग शेखावत यांचा मोठा वाटा. म्हणजे मातीच्या महोत्सवाचं यजमानपद अशा गावाकडे आलं, जिथल्या सुप्रसिद्ध भांड्यांत माती नावालाच.

‘ट्रायनाले’ म्हणजे दर तीन वर्षांनी. प्रत्यक्षात दुसरं पर्व २०२४ च्या जानेवारीत आलं. मधे करोना होऊन गेला. या वेळी जागा दिल्लीतल्या ओखल्याची ‘अर्थशिला’, नाव ‘कॉमन ग्राउंड’, मुदत मार्चअखेरपर्यंत. पहिल्या वेळी राजस्थान सरकारचं केंद्र पाठीशी होतं, दुसऱ्या वेळी खासगी संस्थेची इमारत. हा बदल किरकोळ नाही. विरघळणारी, न विकता येणारी, उचलून नेण्यासारखी नसलेली कामं दोन-अडीच महिने सांभाळायची तर कुणाला तरी दिव्यांचं, पहारेकऱ्यांचं आणि पेट्या-पेंढ्याचं बिल भरावं लागतं. तिकडे कलावंताच्या खिशातून भट्टीचा गॅस जळतच असतो.

महाराष्ट्रात कुंभारांची वाण नाही. मुंबईत, पुण्यात, अलिबागच्या बाजूला चांगले स्टुडिओ आहेत आणि त्यांच्या विक्रीला गर्दीही होते. पण जहांगीरसारखं दालन मिळतं ते आठवड्याच्या भाड्याने, आणि तेही वर्षानुवर्षं रांगेत थांबून. सोमवारी संध्याकाळी भिंती रिकाम्या करायच्या असतील तर माणूस साहजिकच तेच आणतो जे टेबलावर मावेल, सहा जणांना विकता येईल आणि मायक्रोवेव्हमध्ये चालेल.