विकत घेतलेले यंत्र कोणाचे?

अकलूजच्या शेतकऱ्याने घेतलेल्या इंजिनावर पाणी उपसावे की चक्की चालवावी, हे इंजिन विकणारा ठरवीत नाही. मग टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राचे काय? ते वस्तुतः संगणकच; परंतु कंपनीने मान्य केलेलेच खेळ चालवते.

मायक्रोसॉफ्टने २००१ साली आणलेल्या एक्सबॉक्सचे हे कुलूप हौशी तंत्रज्ञांनी २००२ साली उघडले व आत लिनक्स बसविले. लिनक्स म्हणजे लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली आरंभिलेली, कोणासही वाचता व बदलता येणारी प्रणाली. तिच्यावर ‘एम्युलेटर’ चालतो. तो एक दुभाषीच होय: जुन्या यंत्राच्या आज्ञा नव्याला समजावतो. म्हणून मूळ यंत्र भंगारात गेले, तरी जुना खेळ जगतो.

सोनीने मात्र प्लेस्टेशन ३ वर २००६ साली लिनक्सची मुभा दिली आणि १ एप्रिल २०१० रोजी सुरक्षिततेचे कारण सांगून काढून घेतली. हा बदल नाकारणाऱ्याचा इंटरनेटवरील खेळ बंद! दिलेली सवलत नोटीस लावून काढली जाते, हे आम्हां कामगारांना नवे नाही.

खेळांची चोरी करा, असे आम्ही म्हणत नाही; खेळ रचणाऱ्याचे श्रमही श्रमच. पण दाम मोजून घरी आणलेल्या यंत्रावर हक्क घेणाऱ्याचाच असला पाहिजे.